एका डोळ्याचे दोन राखणदार

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्यानं दूध घातलं की मी आधी त्याच्या अंगठ्याकडे बघतो आणि मग दुधाकडे. हा गुण वडिलांकडून आला. ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. रोज फाटकातून आत जाताना त्यांचे खिसे तपासले जायचे: काडेपेटी नाही ना, बिडी नाही ना, बुटाच्या तळाला खिळा नाही ना. संध्याकाळी घरी आले की ते आमची दप्तरं तपासायचे. आई म्हणायची, "अहो, पोरं आहेत ती, बाँब नाहीत." वडील म्हणायचे, "बाँबवर तसं लिहिलेलं असतं. पोरांवर नसतं."

हा स्वभाव बरोबर घेऊन मी साठच्या दशकाच्या सुरुवातीला पीएच.डी.साठी म्युनिकला गेलो, आणि तिथं एका घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, एक अख्खा हिवाळा दर शनिवारी दुपारी काडतुसं भरत बसलो. घरी मी हे कधी कळवलं नाही. वडिलांनी पुढच्या बोटीनं परत बोलावलं असतं.

घर माइस्टरांचं होतं. माइस्टर म्हणजे आमच्या इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपचे मुख्य कारागीर. प्रोफेसरांनी कागदावर काहीही काढावं आणि माइस्टरांनी ते पितळेत उतरवून द्यावं, अशी तिथली रीत होती. शहराच्या कडेला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं आणि वरच्या मजल्यावरची तिरक्या छताची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. माझ्या प्रबंधाचं पहिलं पानसुद्धा लिहून झालं नव्हतं, तरी ते मला "हेर डॉक्टर", म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचे. चेष्टाच ती, पण मला आवडायची.

माइस्टरांना एकच डोळा होता, उजवा. डावा युद्धात गेला होता आणि तिथं काचेचा बसवलेला होता, खऱ्यापेक्षा जरा जास्तच निळा. लेथ, नोकरी, सकाळचा पेपर, रविवारची नेमबाजी, सगळं त्या एका डोळ्यावर चालायचं. ते स्वतः याबद्दल कधी बोलायचे नाहीत. त्यांची बायको मात्र दुसरं काही बोलायची नाही.

त्यांच्याकडे दोन बंदुका होत्या. एक आजोबांची, निशाणबाजीची, नाजूक आणि जुनी. तिची काडतुसं आता कुठला कारखाना करतच नव्हता. दुसरी शिकारीची, दणकट. आजोबांच्या बंदुकीसाठी काडतुसं घरीच भरायची, असं माइस्टरांनी ठरवलं. रीतसर परवाना काढला, केलरमध्ये कुलपाचं लोखंडी कपाट आणलं, आणि एका संध्याकाळी मला विचारलं, "हेर डॉक्टर, तुमचं सगळं काम तराजूवरच चालतं ना? मग मला एक तराजू निवडून द्या."

ज्या दुकानात गेलो तो दुकानदार मला पहिल्या क्षणापासून पटला नाही. फार हसत होता. आम्ही तराजू मागितला, तर त्यानं आधी एक चकचकीत पितळी माप पुढं सरकवलं. वर काचेची नळी, तिच्यात बारूद ओतायची. खाली एक फिरणारं रीळ. दांडा एकदा खालीवर केला की रिळाच्या खळग्यात मावेल तेवढी बारूद खाली काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत पडणार. "हे घेतलंत की तराजूची गरजच नाही," तो म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस तराजूची गरज नाही म्हणतो, त्याच्याकडून मी भाजीसुद्धा घेणार नाही. मी माइस्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, "माप घ्या, पण तराजूशिवाय नको. माप अंदाज करतं, तराजू साक्ष देतो."

"गेनाऊ," माइस्टर म्हणाले. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ, आणि ते तो शब्द उगाच वापरत नसत.

तराजू आम्ही त्या दुकानातून घेतलाच नाही. एका जुन्या औषधवाल्याकडून काचेच्या पेटीतला तराजू आणला आणि इन्स्टिट्यूटच्या प्रमाणित वजनांशी मी तो तीन दिवस ताडून पाहिला. दुकानातून पुंगळीत गोळी बसवायचं दाबयंत्र घेतलं तेही सगळ्यात साधं, एका दांड्याचं. दुकानदार पाच कामं एकदम करणारं यंत्र गळ्यात मारत होता. मी म्हटलं, नवशिक्यानं एका वेळी एकच काम करावं, म्हणजे चूक झाली तर ती कुठं झाली हे तरी कळतं. शिवाय भोकं पाडलेली लाकडी फळी घेतली, पुंगळ्या ओळीनं उभ्या करायला. दोन जाड काचांचे चष्मे घेतले. एक छापील पुस्तक घेतलं, कुठल्या बंदुकीला कुठली बारूद आणि किती, याचं. त्यातल्या सगळ्यात कमी आकड्यापासून सुरुवात करायची आणि ऐकीव माहितीवर एक कणही भरायचा नाही, हेही मीच ठरवलं.

त्या संध्याकाळी जिन्यात माइस्टरांच्या बायकोनं, आमच्या मालकीणबाईंनी, मला अडवलं. हातात बटाट्याची टोपली होती. "हेर डॉक्टर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तो माझं ऐकत नाही. तुमचं ऐकतो. त्याच्याकडे एकच डोळा उरलाय. तुम्ही लक्ष ठेवा." मी लक्ष ठेवतो म्हणालो. खरं सांगायचं तर मला अभिमानच वाटला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा स्वभाव कामाला लावला होता.

मग मी केलरमध्ये वडिलांचा कारखानाच उभा केला. सिगारेट वरती ठेवून यायची. शेगडी बंद. रेडिओ बंद. बारूद भरताना कुणी बोलायचं नाही. दोन बंदुकांच्या दोन बारुदी होत्या: आजोबांच्या बंदुकीची बारीक, राखाडी, झटकन पेटणारी, आणि ती अगदी थोडी लागायची, शिकारीच्या बंदुकीची जाड दाण्यांची, सावकाश जळणारी, आणि ती पुंगळीभर लागायची. दोन्ही डबे एका वेळी टेबलावर कधीच येऊ द्यायचे नाहीत. एका शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरी. सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की गोळी बसवण्याआधी फळीवर दिवा धरून प्रत्येकीत डोकावायचं, एखादीत दोनदा तर पडली नाही ना. शेवटी मापात उरलेली बारूद डब्यात परत ओतायची, डब्याला झाकण, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. हे शेवटचं काम माझं. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

माइस्टर या सगळ्याला हसायचे, पण एकही नियम मोडायचे नाहीत. कारागीर माणूस, शिस्तीचं त्यांना वावडं नव्हतं. उलट कधीकधी ते दिवा धरून फळीवर इतके वाकायचे की त्यांच्या त्या उजव्या डोळ्यावर उजेड पडायचा, आणि मला उगीच भीती वाटायची.

केलरमध्ये आणखी एक माणूस यायचा. शेजारचे निवृत्त पोस्टमन. माइस्टरांचे शाळेपासूनचे मित्र आणि नेमबाजांच्या मंडळातले जोडीदार. पहिल्या शनिवारी आम्ही नुसती यंत्रं बसवली, तेव्हा ते नव्हते. दुसऱ्या शनिवारपासून ते न बोलावता येऊ लागले. कामात हात लावायचे नाहीत. एका स्टुलावर बसायचे, गुडघ्यावर टोपी, आणि बघत राहायचे. माइस्टरांकडे नाही. माझ्याकडे.

मी तराजूत बारूद घेतली की ते मान लांब करायचे. मी नोंदवहीत आकडा लिहिला की वाचायला उठायचे. मी एकदा विचारलं, "तुम्हाला भरायला शिकायचंय का?" ते म्हणाले, "नाइन, नाही. मी नुसता बसलोय." नुसता बसलेला माणूस मला कधीच नुसता बसलेला वाटत नाही.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काम संपल्यावर माइस्टर हात धुवायला पलीकडच्या मोरीवर जायचे आणि मी डबा ठेवायला कपाटाकडे वळायचो. कपाट भिंतीच्या आड होतं. त्या दोन मिनिटांत पोस्टमन टेबलापाशी एकटे असायचे. एका शनिवारी मी मुद्दाम लवकर वळून आलो, तर त्यांच्या हातात आमचं पितळी माप होतं, उलटं धरलेलं, आणि दुसऱ्या हातानं ते एक लहान पाकीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घालत होते. मला बघून त्यांनी माप खाली ठेवलं. "सुंदर काम आहे," म्हणाले. "रीळ छान फिरतं."

पुढच्या शनिवारी परत तेच. त्याच्या पुढच्याही. पाकीट, खिसा, "आल्झो, बरं तर, निघतो मी."

आता बारूद म्हणजे साखर नाही. ती परवान्यावर मिळते, तिचा हिशेब लागतो, आणि घराच्या नावावर असलेली बारूद कुणाच्या तरी कोटात बसून बाहेर जात असेल तर उद्या पोलीस कुणाच्या दारात येतील? माइस्टरांच्या. आणि मग कुणाकडे बोट दाखवतील? घरात एक परदेशी माणूस आहे, त्याचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे आहे. मी रात्ररात्र याच गोष्टी घोळवायचो. इन्स्टिट्यूटमध्ये मोजमापं चुकायला लागली. मला त्या पोस्टमनचा राग यायला लागला, त्यांच्या गुडघ्यावरच्या टोपीचासुद्धा.

सहा आठवडे दम धरला आणि मग माइस्टरांना सांगितलं. आधी त्यांना हसू आलं. मग ते माझ्याकडे वळले. "चाळीस वर्षं त्यानं या गल्लीची पत्रं वाटलीत," ते म्हणाले. "लोकांच्या मनीऑर्डरी त्याच्या पिशवीत असायच्या."

"मी फक्त जे पाहिलं ते सांगतोय," मी म्हटलं. "खिसा दाखवा म्हणा."

पुढच्या शनिवारी बारीक बारूद होती. भरून झालं, मी डबा ठेवून आलो, आणि पोस्टमन मापाला हात घालणार एवढ्यात माइस्टरांनी विचारलं. सरळच विचारलं, "आतल्या खिशात काय नेतोस?" पोस्टमन कानापर्यंत लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत चोराची शरम नव्हती, राग होता, पण मला तेव्हा तो फरक करायचाच नव्हता.

"खिसा दाखवणार नाही," ते म्हणाले. "अजून नाही. मला खात्री करून घ्यायची आहे."

"कसली खात्री?"

"ते मी खात्री झाल्यावर सांगेन. तोवर माझ्या खिशाकडे बघू नका, टेबलाकडे बघा." त्यांनी टोपी घातली आणि वर निघून गेले. दार त्यांनी हळूच लावलं. मला वाटलं, पापी मनाचा माणूस असाच दार लावतो. माइस्टर त्या दिवशी जेवले नाहीत, असं मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. मी मान हलवली. आतून मात्र मी खूश होतो. पहारा मी चोख दिला होता.

त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही दोघंच होतो. जाड बारुदीची पाळी, शिकारीच्या बंदुकीची. स्टूल रिकामं होतं आणि मला हात मोकळे वाटत होते. माइस्टरांनी जाड दाणे मापाच्या नळीत ओतले, दांडा खालीवर केला, पहिला बार, म्हणजे एका काडतुसाची बारूद, तराजूवर घेतला. वजन नोंदवहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. तो पहिल्या पुंगळीत गेला. मग दुसरा, तिसरा. दिवा धरून फळी पाहिली, सगळ्या पुंगळ्या सारख्या भरलेल्या. गोळ्या बसवल्या. वीस काडतुसं डबीत गेली, कुठलं पहिलं आणि कुठलं शेवटचं, याची काही खूण नव्हती. माइस्टर म्हणाले, "आज किती शांतता होती." ते त्यांना आवडलं होतं की नाही, मला कळलं नाही.

रविवारी सकाळी माइस्टर बंदुका घेऊन रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेले. मी स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. चर्चच्या घंटा थांबल्या आणि थोड्याच वेळात दार वाजलं. पोस्टमन होते, चर्चचा काळा सूट घातलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी मालकीणबाईंना विचारलं, "काल काम झाल्यावर... नाही, काल काम सुरू करण्याआधी कुणी माप उलटं करून पाहिलं का?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"उलटं कशाला?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मी दर वेळी उरलेली बारूद डब्यात परत ओततो."

"सगळी?"

"सगळी. म्हणजे, तळाशी चिमूटभर ठेवतो, तेवढीच."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग ते मला ऐकू आलं.

आमच्या घरी आई तांदूळ मोजायची तेव्हा माप कधी पूर्ण रिकामं करायची नाही. तळाशी चार दाणे ठेवूनच ते डब्यात टाकायची. डबासुद्धा कधी खरवडून काढायचा नाही, तळाला मूठभर राहू द्यायचं. रिकामं माप घरात बरं नाही, एवढंच ती सांगायची. मी तिच्या हाताखाली तांदूळ मोजत वाढलो. म्युनिकमध्ये माप हातात आलं आणि हातानं आपलं काम केलं. डोक्याला त्यानं विचारलंच नाही. दर शनिवारी मी डब्यात बारूद परत ओतायचो आणि शेवटचं वळण आलं की मनगट आपोआप थांबायचं. रिळाच्या खळग्यात आणि नळीच्या तळाशी दोन बोटांच्या चिमटीएवढी बारूद राहायची. बारीक बारुदीची एवढी चिमूट म्हणजे आजोबांच्या बंदुकीचा जवळजवळ एक बार. तिच्यावर काल जाड बारूद ओतली गेली होती. पहिल्या पुंगळीच्या तळाशी झटकन पेटणारी, वर सावकाश जळणारी, पुंगळीभर, म्हणजे बंदुकीला न पेलणारा जोर. तराजूला वजन कळतं, कुठली बारूद आहे ते कळत नाही. दिव्यानं वरचे दाणे दिसतात, तळ दिसत नाही.

मालकीणबाईंच्या हातून टॉवेल खाली पडला. पोस्टमन म्हणाले, "सायकल आहे?" मालकीणबाईंची सायकल अंगणात होती. मी ती ओढली, पोस्टमननी कुंपणापलीकडून आपली, आणि आम्ही दोघे निघालो.

रेंज जंगलाच्या कडेला होती, पाऊण तासाची चाल, सायकलनं पंधरा-वीस मिनिटं. रस्ता चढाचा. अर्ध्या वाटेवरच बार ऐकू यायला लागले. प्रत्येक बाराला मी पायडल आणखी जोरात मारायचो, आणि बार कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. पोस्टमन सत्तरीच्या घरातले, त्यांना धाप लागली होती, तरी ते बोलत होते. मालकीणबाईंनी त्यांनाही जिन्यात गाठलं होतं. 'तो परदेशी डॉक्टर बारूद हाताळतो, शिकलेला आहे, पण मला भीती वाटते, तू त्याच्यावर लक्ष ठेव.' म्हणून ते दुसऱ्या शनिवारपासून येऊन बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी माप उलटं केलं आणि चिमूट हातावर पडली. त्यांना वाटलं, चूक असेल. दुसऱ्या वेळी परत पडली. तिसऱ्या वेळी परत, तेवढीच.

"इतका काटेकोर माणूस," ते म्हणाले, "कणाकणाचं वजन लिहितो, आणि दर वेळी मोजून तेवढीच चिमूट विसरतो? मला पटेना. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवता. माझी परीक्षा घेता, नाहीतर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "म्हणून मी प्रत्येक चिमूट पाकिटात ठेवली. वर तारीख घालून. पुरावा म्हणून."

मी त्यांना चोर समजत होतो आणि ते मला खुनी समजत होते. आणि त्यांचा तो संशय दर शनिवारी माझी चूक पुसत होता. मी त्यांना घालवलं, आणि त्या आठवड्यात ती पुसायला कुणी उरलं नाही.

"मला का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"तुम्ही मला विचारलंत?"

आम्ही पोचलो तेव्हा बार थांबले होते. माणसं एका बाकाभोवती उभी होती. माइस्टर बाकावर बसले होते, दोन्ही हात तोंडावर, कुणीतरी त्यांच्या चेहऱ्यावर पाणी ओतत होतं. शिकारीची बंदूक चटईवर पडली होती. तिचा बोल्ट, पुंगळीमागचा लोखंडी दांडा, आवळून बसला होता, हलत नव्हता. बंदूक फुटली नव्हती, पण पुंगळीचा तळ उकलला होता आणि धूर, धग, पितळेचा बारीक कीस मागं तोंडावर आला होता. केलरमध्ये माइस्टर चष्म्याशिवाय बसत नसत, तो नियम माझा होता. रेंजवर थंडीनं काचेवर वाफ धरते म्हणून त्यांनी तो काढून ठेवला होता, आणि तिथला नियम करायचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्यांनी हात खाली घेतले. काचेचा डोळा स्वच्छ, निळा, उघडा होता. उजवा लाल, मिटलेला, वाहत होता. आम्ही दोघे त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होतो.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

पोस्टमन म्हणाले, "आम्ही दोघं. मी आणि तुझे हेर डॉक्टर."

"एकत्र?" माइस्टर म्हणाले. एवढ्यातही त्यांना नवल वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी बुबुळावरून पितळेचे दोन कण काढले आणि डोळा बांधून टाकला. दहा दिवस पट्टी. मग बघू, म्हणाले. काय बघू, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे दहा दिवस माइस्टर संपूर्ण आंधळे होते. मालकीणबाई त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात आणायच्या, चमचा हातात द्यायच्या. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझी कॉफी टेबलावर असायची, माझं भाडं त्या घ्यायच्या, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जायची. मला त्याचा राग येणं शक्यच नव्हतं. स्वतःची इतकी किळस मला पुन्हा कधी आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी माइस्टरांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. चिमूट, आई, तांदूळ, पाकिटं, माझी चहाडी. पोस्टमन शेजारी होते. त्यांनी खिशातून सगळी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. माइस्टरांनी ती बोटांनी चाचपली, एक उघडून चिमटीत बारूद घेतली, दोन बोटांत चोळली. ती बारीक होती. मग दुसरं पाकीट. ती जाड. त्यांनी हात पुसले.

"तू याच्यावर संशय घेतलास," ते पोस्टमनना म्हणाले. मग माझ्या दिशेनं, थोडं चुकीच्या बाजूला तोंड करून, "आणि तुम्ही याच्यावर. आणि मी मधे बसून नुसता तराजू बघत होतो, कारण मला वाटत होतं, चार डोळे इथं आहेत, आपल्याला काळजी नाही." ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

उरलेली एकोणीस काडतुसं पोस्टमननी आणि मी मिळून उघडली, माइस्टरांच्या सांगण्यावरून. प्रत्येक बारूद पांढऱ्या कागदावर ओतली, दोघांनी पाहिली, आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं एकमेकांना सांगितलं काय दिसतंय ते. सगळी स्वच्छ निघाली. घातक ते एकच होतं आणि ते त्यांच्या हाती पहिलंच लागलं होतं. हे काम करताना पोस्टमन माझ्याकडे बघतच होते, आणि मी त्यांच्याकडे. पण आता दोघंही ते लपवत नव्हतो.

मी खोली सोडायची तयारी दाखवली. माइस्टर म्हणाले, "पट्टी निघेपर्यंत थांबा. तुमचा चेहरा पाहिल्याशिवाय मी काही ठरवणार नाही." ते चेष्टेनं म्हणाले की खरंच, हे मला आजही सांगता येणार नाही.

दहाव्या दिवशी आम्ही चौघं ट्रामनं दवाखान्यात गेलो. माइस्टर मधे, मालकीणबाईंचा हात त्यांच्या हातात. डॉक्टरांनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि माइस्टरांना खुर्चीत बसवलं. मालकीणबाई भिंतीलगतच्या खुर्चीवर बसल्या, त्यांची मोठी काळी पर्स त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. पोस्टमन आणि मी दारापाशी उभे राहिलो. कापूस, पट्टी, परत कापूस. शेवटचा थर निघाला, पण माइस्टरांनी डोळा उघडला नाही. डॉक्टर म्हणाले, "उघडा." तरी त्यांनी तो लगेच उघडला नाही.

मग उघडला.

"काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजेड," माइस्टर म्हणाले. मग, "खिडकीची चौकट. ती जरा वाकडी बसवलीय." माइस्टरांनी मान सावकाश वळवली, भिंतीवरून, कपाटावरून, दारापर्यंत, आणि तिथं थांबवली. "आणि हे दोघं," ते म्हणाले.

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, दहा दिवसांत पहिल्यांदा, आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मी जाऊन त्यांच्याजवळ बसलो.